बहुतेक, अनेक, काही, तुरळक

पावसाळा लागला की वर्तमानपत्रात एक वाक्य रोज छापून येते. कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात अनेक ठिकाणी, मराठवाड्यात काही ठिकाणी आणि विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे. आज छत्री घ्यायची की नाही, एवढेच आपल्याला हवे असते आणि नेमके तेच यातून कळत नाही, म्हणून या वाक्याची थट्टाही पुष्कळ झाली आहे. पण ही चारही विशेषणे मोजून-मापून ठेवलेली आहेत. एखाद्या उपविभागात जितकी पर्जन्यमापन केंद्रे असतील, त्यांतल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस झाला तर हवामान खात्याच्या इंग्रजीत तो 'आयसोलेटेड', आपल्याकडे तुरळक. २६ ते ५० टक्के केंद्रांवर झाला तर 'स्कॅटर्ड', म्हणजे काही ठिकाणी. ५१ ते ७५ टक्क्यांना 'फेअरली वाइडस्प्रेड', अनेक ठिकाणी. आणि त्याच्या वर गेला की 'वाइडस्प्रेड', बहुतेक ठिकाणी. पाऊस किती पडला याचा हिशेब वेगळा. हा हिशेब किती जागी पडला याचा.

हे पुस्तक अशाच शब्दांचे आहे. एखादी गोष्ट किती पसरली आहे, किती जणांत आहे, किती जागी आहे, हे सांगणारे इंग्रजी शब्दप्रयोग संकलकांनी जमवले, त्यांचे मराठी अर्थ दिले, वापरताना कुठे पाय घसरतो ते दाखवले. जबलपुरातल्या मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता हा संग्रह वाढत गेला. प्रस्तावनेसाठी ते माझ्याकडे आले, ते मी इंग्रजीचा पंडित आहे म्हणून नव्हे. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या देशी भाषेत उतरवण्यात माझी नोकरी सरली, आणि त्या बातम्यांत सगळ्यात जास्त फसवणारे शब्द हेच होते.

जबलपूरकर मराठी माणसाला तीन भाषांत राहावे लागते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता तो १८१७ च्या डिसेंबरात संपला आणि कंपनीचे निशाण लागले. नंतर जबलपूर मध्य प्रांतात, राजधानी नागपुरात. १९५६ च्या नोव्हेंबरात नवा मध्य प्रदेश झाला, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला बसले, आणि नागपूरची कितीतरी वकील-कारकून मंडळी बिऱ्हाड-बाजले घेऊन इकडे आली. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, कचेरीत इंग्रजी. अशा घरातले मूल शब्दांचे अर्थ पाठ करते, पण शब्दाला वास असतो तो त्याला कुणी शिकवत नाही. 'टायगर्स आर रॅम्पंट इन कान्हा' हे वाक्य एका उत्तरपत्रिकेत खरोखर सापडले असे संकलक सांगतात. शब्दकोशात 'रॅम्पंट' म्हणजे सर्वत्र पसरलेला. कान्हाच्या जंगलात वाघ सर्वत्र आहेत. मग चुकले कुठे? चुकले ते असे की 'रॅम्पंट' ही तक्रार आहे. बेकायदा वाळूउपसा 'रॅम्पंट' असतो, कॉपी असते, डेंग्यू असतो. मराठीत आपण 'कान्हात वाघांचा सुळसुळाट झाला आहे' म्हणत नाही, तसेच हे. सुळसुळाट उंदरांचा, डासांचा, खोट्या नोटांचा.

मराठीचे भांडार या बाबतीत इतके भरलेले आहे की मुलांना आधी तेच उघडून दाखवावे, असे मी संकलकांना सुचवले होते. त्यांनी ते थोडे ऐकले, थोडे सोडून दिले. गावोगाव, घरोघरी, गल्लोगल्ली, पदोपदी, ठायीठायी. यांतला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला एकेका दारापर्यंत नेतो. सर्रास म्हटले की चालू नये ते बिनदिक्कत चालले आहे. पेव फुटले, ऊत आला, पीक आले, बोकाळले, या सगळ्यांत बोलणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसते. आसेतुहिमाचल म्हटले की भाषणाला उभे राहिल्यासारखे वाटते. इंग्रजीतही असेच थर आहेत. 'राइफ' हा शब्द क्रियापदानंतर बसतो, नामाच्या आधी सहसा बसत नाही: अफवा 'राइफ' असतात, 'राइफ अफवा' नसतात. 'वाइडस्प्रेड' आणि 'कॉमन' यांत मुले हमखास गोंधळतात. बिबट्या भारतात पुष्कळ दूरवर पसरलेला आहे, म्हणून तो 'वाइडस्प्रेड'. पण रोज कुणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून 'कॉमन' नव्हे. 'एंडेमिक' तर दोन खात्यांत दोन अर्थांनी नांदतो. डॉक्टर म्हणतो तेव्हा रोग त्या भागात कायमचा मुक्कामाला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतो तेव्हा ते झाड त्या भागाबाहेर कुठेच नाही.

हे सारे आत नीट मांडले आहे, त्यावर मी आणखी लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते एका माणसाबद्दल. व्याप्ती सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांनी काय होऊ शकते, हे पाहायला लंडनला जायची गरज नाही. ते जबलपुरात झाले आहे.

विल्यम हेन्री स्लीमन १७८८ साली कॉर्नवॉलमध्ये जन्मला, १८०९ मध्ये बंगाल सैन्यात आला, नेपाळच्या युद्धात लढला आणि १८२० मध्ये सागर-नर्मदा प्रदेशाच्या मुलकी कारभारात शिरला. १८२२ ते १८२४ तो नरसिंहपूरला होता. आपल्या जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी आपल्याला कळते, असा त्याचा विश्वास होता. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले की त्याच काळात त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, वाटसरूंना गळा आवळून मारणाऱ्या ठगांची एक टोळी राहत होती. आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मजलेवर असलेली राई ही साऱ्या हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या हत्यास्थळांपैकी एक होती. जमीनदारांना ठाऊक होते. साहेबाला ठाऊक नव्हते.

कंदेली आज नरसिंहपूर शहराचाच भाग आहे, जबलपूरहून दोनेक तासांच्या रस्त्यावर. स्लीमनच्या त्या मजकुरात मला दोन मापे दिसतात. चारशे यार्ड हे एक माप. ते पावलांनी मोजता येते, खोटे असेल तर कुणीही तिथे जाऊन खोटे पाडू शकतो. 'साऱ्या हिंदुस्थानात' हे दुसरे. ते कुणी मोजले होते? १८२४ पर्यंत ज्याला शेजारचे गाव कळले नव्हते, त्याला काही वर्षांनी सारा देश कळला, तो कसा?

याचे उत्तर जबलपूरच्या तुरुंगात आहे. पकडलेल्या ठगांपैकी काहींना जिवाच्या अभयावर माफीचे साक्षीदार करण्यात आले. त्यांना 'अप्रूव्हर' म्हणत. त्यांनी टोळ्या सांगितल्या, वाटा सांगितल्या, वंशावळी सांगितल्या, पुरलेली प्रेते उकरून दाखवली. स्लीमन आळशी नव्हता. एकाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहणे, नकाशे काढणे, घराण्यांचे वृक्ष तयार करणे, हे सगळे त्याने केले, आणि खून खोटे नव्हते, हाडे खोटी नव्हती. पण साक्षीदाराची मान त्याच्या उपयोगावर टिकून होती. जो जितकी लांबची टोळी दाखवील तितका तो कामाचा. १८३१ ते १८३७ या काळात ३२६६ ठगांचा निकाल लागला, असा आकडा नंतरच्या ग्रंथांत दिला जातो. त्यांत फाशी गेलेले ४१२ आणि माफीचे साक्षीदार झालेले ४८३. बोलणारे लटकणाऱ्यांपेक्षा जास्त.

त्याआधी दक्षिणेतून एक वृत्तांत आलेला होता. मद्रासकडचे डॉक्टर रिचर्ड शेरवूड यांनी १८१६ मध्ये फासीगारांवर, म्हणजे तिकडच्या गळा आवळणाऱ्या टोळ्यांवर, लेख लिहिला होता, आणि तो दक्षिणेपुरता होता. उत्तरेतले ठग आणि दक्षिणेतले फासीगार हे एकाच संप्रदायाचे, एकाच देवीचे, एकाच गुप्त बोलीचे, अशी जोडणी झाली आणि दोन ठिकाणच्या दोन गोष्टींची मिळून एक अखिल भारतीय गोष्ट तयार झाली. १८३० च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साहित्यिक नियतकालिकात एक निनावी पत्र छापून आले. विंध्याचलच्या देवळाकडे बोट दाखवून त्यात म्हटले होते की हा धंदा सर्वदूर आहे आणि सरकारने हात घातल्याशिवाय मिटणार नाही. पत्र स्लीमनचे होते. 'रामासियाना' हा त्याचा ठगांच्या बोलीचा कोश १८३६ मध्ये कलकत्त्याला छापला गेला.

आणि त्याच वर्षी कायदा आला, १८३६ चा तिसावा. त्याची भाषा या पुस्तकाच्या वाचकाने व्याकरणाच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. अमुक खून केला असे सिद्ध करायची गरज नाही. काळाची हद्द काढली, जागेची हद्द काढली, कृत्याचीही काढली. शिवाय ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात कुठेच नाही. जी गोष्ट सगळीकडे आहे तिच्यासाठी सगळीकडे पोचणारा कायदा लागतो, हा युक्तिवाद वरवर सरळ वाटतो. पण 'सगळीकडे' हा शब्द आधी आला, मोजणी मागून आली, आणि ती मोजणीही ज्यांच्या मानेवर दोर होता त्यांच्याकडून आली.

मोजणी हातोहात कशी फुगते त्याचा नमुना म्हणजे बहराम. लखनौकडे जेम्स पॅटन या अधिकाऱ्याने साक्षीदारांचे जबाब लिहून घेतले, त्यांत बहरामच्या नावापुढे ९३१ खून आहेत. आजही 'जगातला सर्वांत क्रूर खुनी' अशा याद्यांत हा आकडा फिरतो. त्याच जबाबात बहराम म्हणतो की स्वतःच्या हाताने आवळलेले गळे सव्वाशेच्या आसपास असतील. बाकीचे ज्या टोळ्यांत तो होता त्यांचे. हे दुसरे वाक्य मात्र याद्यांत फिरत नाही. १९३३ मध्ये स्लीमनचा नातू जेम्स याने आजोबांवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच दहा लाख खून आले. अलीकडच्या इतिहासकारांत यावर वाद आहे. राधिका सिंघा यांनी कायद्याच्या बाजूने आणि किम वॅगनर यांनी दरोडेखोरीच्या स्थानिक इतिहासाच्या बाजूने हा विषय पुन्हा तपासला. ठग नव्हतेच असे म्हणणारे थोडे. ते किती होते, कुठवर होते, आणि ते एकच होते का, यावर भांडण आहे. म्हणजे व्याप्तीवर.

मला स्लीमनचा राग नाही. आपल्या बातम्यांत आपण रोज तेच करतो, फक्त आपल्या हातून कायदे होत नाहीत. चार जिल्ह्यांतले चार वार्ताहर चार घटना कळवतात आणि मथळा लागतो 'देशभर संताप'. मी स्वतः असे मथळे लावले आहेत आणि त्या वेळी ते मला मुळीच खटकले नव्हते.

जबलपुरात याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते आमच्या अंगावरून गेलेले. २२ मे १९९७ च्या पहाटे सव्वाचारनंतर काही मिनिटांनी इथे भूकंप झाला, क्षमता सहाच्या जवळपास, केंद्र जमिनीखाली पस्तीसेक किलोमीटर. चाळिसेक माणसे गेली, आठ हजारांहून अधिक घरे पडली, त्याच्या कितीतरी पट घरांना तडे गेले. त्या दिवशी आलेल्या इंग्रजी मजकुरात 'वाइडस्प्रेड डॅमेज' होते आणि ते खोटेही नव्हते. जबलपूर, मंडला, शिवनी, छिंदवाडा, चारही जिल्हे त्यात आले. पण शहराच्या एका पेठेत भिंत आडवी आणि दुसऱ्या पेठेत फळीवरचा डबाही जागचा हललेला नाही, असे होते. सर्वांत वाईट मार शहराजवळच्या कोसमघाट या गावाला बसला.

काही दिवसांनी अभियंते आले. त्यांच्या हातात तीव्रतेची मापपट्टी होती. भारतात भूकंपप्रवणतेचे पट्टे ठरवताना एमएसके नावाची जी मापपट्टी वापरली गेली, तिच्यात 'फ्यू', 'मेनी', 'मोस्ट' हे अगदी शाळकरी शब्द आहेत, आणि त्यांना आकडे बांधून दिले आहेत: 'फ्यू' म्हणजे सुमारे ५ टक्के, 'मेनी' म्हणजे सुमारे ५० आणि 'मोस्ट' म्हणजे सुमारे ७५. सातवी तीव्रता लावायची तर मातीच्या किंवा ओबडधोबड दगडी घरांपैकी 'मोस्ट' घरांना मोठे, खोल तडे हवेत आणि 'फ्यू' घरांचा काही भाग पडलेला हवा. म्हणून गल्लीत उभे राहून आधी एकूण घरे मोजायची, त्यांतली मातीची किती, विटांची किती, काँक्रीटची किती ते लिहायचे, आणि मग तडे. न पडलेले घरही मोजायचे. स्लीमनच्या वह्यांत आणि या वह्यांत मला हाच फरक दिसतो. मुक्कामी सुखरूप पोचलेला वाटसरू कुणी कुठल्या रकान्यात लिहिला नव्हता.

आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था जबलपुरातच आहे. तिथल्या लोकांशी बोलताना ही शिस्त पुन्हा दिसते. त्यांचा रोजचा शब्द 'प्रिव्हलन्स': या घटकेला तपासलेल्या शंभरांत किती जणांत रोग आहे. नवे रोगी किती झाले त्याला दुसरा शब्द, 'इन्सिडन्स', आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले त्यांना चालत नाहीत. शेजारच्या मंडला जिल्ह्यात हिवतापाच्या उच्चाटनाचा जो प्रकल्प झाला तो १२३३ गावांचा होता. 'आदिवासी भागात मलेरिया सर्वत्र' असे म्हणून तिथे औषध पोचत नाही, गाव आणि घर सांगावे लागते. सिकलसेलचेही तेच. 'आदिवासींमध्ये सर्रास आढळतो' हे वाक्य मी किती वेळा छापले असेल! खरे तर वेगवेगळ्या समाजांत वाहकांचे प्रमाण एक टक्क्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत बदलते. या दोन टोकांना मिळून एकच 'सर्रास' लावणे म्हणजे काहीच न सांगणे.

वकिलांच्या इंग्रजीचा या पुस्तकात छोटासाच भाग आहे, तो वाढवायला हवा होता. उच्च न्यायालयाच्या गावात निघालेल्या पुस्तकाने तरी. अनेक अधिनियमांच्या सुरुवातीलाच त्यांची व्याप्ती सांगणारे कलम असते. 'इट एक्स्टेंड्स टू द होल ऑफ इंडिया', आणि त्याला जोडून वर्षानुवर्षे 'जम्मू आणि काश्मीर राज्य वगळून' हे शेपूट असे. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर ते गळाले. कुठवर, हे सांगून लगेच कुठे नाही, हेही सांगणारी ही इंग्रजी मुलांना दाखवण्यासारखी आहे. 'लेंग्थ अँड ब्रेड्थ ऑफ द कंट्री' म्हणणाऱ्या पुढाऱ्यांची नव्हे.

पुस्तक कसे वापरावे, याबद्दल थोडे. पाठ करण्याचे हे पुस्तक नाही. प्रत्येक शब्दप्रयोगाखाली संकलकांनी तीन प्रश्न छापले आहेत: ही व्याप्ती जागेची की माणसांची की वेळेची; शब्दात तक्रार आहे का; आणि एकूण कितींपैकी. तिसऱ्या प्रश्नापुढची ओळ मुद्दाम कोरी आहे. वर्गात रोजचे इंग्रजी वर्तमानपत्र आणावे, शब्द शोधावा आणि ती ओळ बातमीतून भरता येते का ते मुलांना पाहू द्यावे. मी हा प्रयोग दोन-तीन अंकांवर करून पाहिला. हवामानाच्या रकान्यात ओळ भरते. राजकारणाच्या पानावर जवळजवळ कधीच भरत नाही. क्रीडापानावर 'अनबीटन' पुढे सामन्यांचा आकडा असतो, म्हणून तिथे बरी भरते.

संकलकांशी माझा एकच मतभेद उरला. 'एव्हरी नुक अँड कॉर्नर' हा प्रयोग त्यांनी चुकीच्या यादीत टाकला आहे, कारण इंग्लंडात 'नुक अँड क्रॅनी' म्हणतात. इंग्लंडात म्हणोत. इथे कानाकोपरा म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी 'कॉर्नर' आपसूक येतो. न्यायालयात, शाळेत, रेल्वेच्या ध्वनिक्षेपकावर मी तो आयुष्यभर ऐकला आहे, आणि तो ऐकून कुणाचे काही अडलेले पाहिले नाही. पुढच्या आवृत्तीत त्याला चुकीच्या यादीतून काढून भारतीय प्रयोगांच्या यादीत घालावे. तो किती ठिकाणी चालतो असे संकलकांनी विचारलेच, तर जबलपूर आणि नागपूर एवढी दोनच गावे मी खात्रीने सांगू शकेन. बाकीची त्यांनी मोजावीत.